शिक्षा रद्द झाली, पण न्याय झाला का?

जमैकाचा डान्सहॉल गायक व्हायब्झ कार्टेल 'निर्दोष सुटला' म्हणणाऱ्या मित्रांनो, जरा थांबा.

माणूस कलाकार म्हणून मोठाच. गल्लीतल्या पात्वा बोलीत, ठेक्यावर झरझर शब्द फेकावेत ते त्यानेच. तुरुंगात असताना, २०१६ ला त्याचा 'किंग ऑफ द डान्सहॉल' अल्बम आला.

पण २०१४ ची खुनाची शिक्षा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने २०२४ मध्ये रद्द केली ती कशामुळे? ज्यूरीतल्या एकावर इतरांना लाच देऊ केल्याचा आरोप असतानाही त्याला खटल्यात राहू दिलं म्हणून! पुढे जमैकाच्या कोर्टाने फेरखटलाही नाकारला.

तो खुनी आहे, असं मी म्हणत नाही. पण तेरा वर्षं तो आत, मेलेल्या तरुणाचा मृतदेहही सापडला नाही, आणि निवाडा शून्य. गाण्यावर खुशाल नाचा, पण याला न्याय म्हणू नका!