बंदुकीवरचा गंज की रंग?

नवरात्र जवळ आलं की आपल्या घरांत घासपूस सुरू होते. समया, ताम्हण, निरांजनं चिंच लावून लखलखीत होतात. ज्या घरांत खंडेनवमीला शस्त्रपूजा असते, तिथे माळ्यावरची तलवार, कट्यार आणि क्वचित एखादी ठासणीची बंदूकही खाली उतरते. या वेळी त्या बंदुकीबद्दलच लिहितो आहे, कारण ती घासण्याची चूक मी स्वतः केली आहे.

ग्वाल्हेरला आजोळी पणजोबांच्या वेळची एक इंग्रजी शिकारी रायफल होती. तोंडाकडून दारू आणि गोळी ठासायची, मागे टोपी बसवायची आणि घोडा पडला की बार. नळी अठपैलू आणि गडद तपकिरी. मी तेव्हा नववीत होतो. मला तो तपकिरीपणा म्हणजे गंजच वाटला. अष्टमीच्या दुपारी सगळे झोपलेले असताना मी पॉलिश पेपर घेऊन बसलो आणि तासाभरात नळी स्टीलच्या पेल्यासारखी पांढरी केली. आजोबा उठून आले, बराच वेळ बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "हाताला लागलं नाही ना रे बाळा?" मला वाटलं, खूश झाले.

पुढच्या पावसाळ्यात त्या चकचकीत नळीवर नारिंगी गंज चढला. तो मात्र खरा गंज होता. बऱ्याच वर्षांनी मामाने जाणकार माणसाकडून नळी लाकडातून सोडवून घेतली. लाकडाखाली झाकलेल्या भागाला माझा पॉलिश पेपर पोचला नव्हता. तिथे चॉकलेटी रंग तसाच होता आणि त्यात नदीच्या वाळूवर उमटतात तशा बारीक लाटा दिसत होत्या. वरच्या बाजूला त्यांचा मागमूस नव्हता. आजोबा तोवर गेले होते.

तो रंग म्हणजे ब्राउनिंग. गंमत अशी की तोही गंजच असतो, पण कारागिराने मुद्दाम आणलेला आणि वेळेवर थांबवलेला. नळी चुन्याने घासून तेलकटपणा काढायचा, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं मारायची आणि बाहेरून आम्लाचं पातळ मिश्रण पुसायचं. दमट जागेत ठेवलं की तिच्यावर तांबूस थर धरतो. तो तारेच्या ब्रशने झाडायचा आणि पुन्हा मिश्रण लावायचं. असं दिवसामागून दिवस. हवा तसा रंग आला की उकळत्या पाण्याने धुऊन गंजण्याची क्रिया थांबवायची आणि वर तेल किंवा मेण द्यायचं. प्रत्येक थर पाण्यात उकळत गेलं, तर तपकिरीऐवजी काळा-निळा रंग येतो. घासलेली नळी कोळशात तापवूनही निळा रंग आणत. पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं की ती छटा दिसू लागते.

आता त्या लाटा. चांगल्या नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, त्या गजाभोवती गुंडाळून आणि ठोकून जोडत. लोखंड गुंडाळून नळी करायची रीत आपल्याकडेही जुनी आहे. अकबराच्या कारखान्यातलं तिचं वर्णन 'आईन-ए-अकबरी'त आहे. ब्राउनिंगमध्ये लोखंड आणि पोलाद वेगवेगळी छटा धरतात, म्हणून नक्षी उमटते. नळी पांढरी केली की धातू तोच राहतो, पण नक्षी दिसेनाशी होते.

सगळ्याच जुन्या नळ्या तपकिरी नव्हत्या. ब्रिटिश पायदळाच्या जुन्या मस्केटी पांढऱ्याच असत आणि शिपाई त्या घासून चमकवत. 1800 साली आलेल्या बेकर रायफलीची नळी मात्र तपकिरी केलेली होती, कारण आडोशाने लढणाऱ्याची बंदूक उन्हात चमकून चालत नाही. आणि काही नळ्यांवरचा तपकिरी रंग कारागिराचा नसतो, निव्वळ वयाचा असतो. तोही जपण्यासारखाच.

मग ओळखायचं कसं? सुती फडक्याला थोडं तेल लावून हलकेच पुसा. फडक्यावर नारिंगी भुकटी आली तर तो चालू गंज. रंग गुळगुळीत असेल आणि जागचा हलत नसेल, तर तो राहू द्या. हात लागतो तिथे आणि तोंडाशी रंग विरळ, कोपऱ्यांत गडद, हे खरेपणाचं लक्षण. कडा झिजलेल्या, अक्षरं पुसट आणि खड्ड्यांच्या आतही एकसारखा ताजा रंग असेल, तर कुणीतरी आधी घासून नंतर रंगवलंय असं समजा.

चालू गंजाला तेल लावून मुरू द्यायचं आणि मऊ फडक्याने पुसायचं, पुन्हा पुन्हा. पॉलिश पेपर, चिंच, लिंबू, पितळेचं पॉलिश यांतलं काहीही नको. पुन्हा काळी करून देतो म्हणणाऱ्याकडेही घाईने जाऊ नका. दुनळी असेल तर हल्लीच्या गरम क्षारांच्या प्रक्रियेत दोन नळ्यांमधलं डाखच सुटू शकतं. पूजेच्या दिवशी ओलं गंध आणि पाण्याची फुलं नळीवर ठेवू नका, पाटावर समोर वाहा. नंतर घामाचे ठसे पुसून तेलाचा हात द्या. चामड्याच्या म्यानात किंवा लोकरीच्या खोळीत वर्षभर गुंडाळून ठेवू नका, आत ओल धरते.

या सगळ्याच्या आधी दोन गोष्टी. जुन्या ठासणीच्या बंदुका पुष्कळदा भरलेल्याच राहिलेल्या असतात, त्यामुळे जाणकाराने तपासल्याशिवाय तिला हात लावू नका आणि मुलांना तर लावूच देऊ नका. दुसरं, परवान्याचे कागद पाहा. ठासणीची असली तरी उडू शकणारी बंदूक परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात सूट आहे ती दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुन्या हत्यारांना, आणि आपलं त्यात बसतं का हे घरी बसून ठरवू नये.

गेल्या दसऱ्याला भाचा म्हणाला, "मामा, हिला मस्त चमकवू या का?" मी त्याला नळीवरचा पांढरा भाग दाखवला आणि तो कुणाचा पराक्रम आहे तेही सांगितलं. मग दोघांनी मिळून तिला तेल लावलं. यंदा तुमच्याकडे बंदूक खाली उतरली, तर घरातल्या नववीतल्या उत्साही मंडळींवर जरा लक्ष ठेवा.