वितरक गेला की वाहन पोरके

गुढीपाडवा आणि दसरा हे वाळवा तालुक्यातील वाहनखरेदीचे दोन मोठे मुहूर्त. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांमधल्या या ऊसपट्ट्यात कारखान्याचे बिल खात्यावर जमा झाले की इस्लामपुरातील दुचाकींच्या आणि ट्रॅक्टरच्या दालनांत वर्दळ वाढते. (या शहराचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला.) हौसेची गाडी मात्र येथे मिळत नाही. तिच्यासाठी पेठ नाका गाठून महामार्गाने कोल्हापूर किंवा पुण्याकडे जावे लागते. खरेदीसाठी एकदा एवढा प्रवास करणे कोणालाही जड जात नाही. प्रश्न पुढचा आहे. गाडी बिघडली आणि दरम्यान पुण्यातल्या वितरकानेच दुकान गुंडाळले असेल, तर मालकाने जायचे कोठे?

हा प्रश्न आता जगभरातील हौशी वाहनांच्या बाजारात विचारला जाऊ लागला आहे आणि तीनचाकी हौशी वाहने हे त्याचे ठळक उदाहरण आहे. आपल्याकडे तीन चाके म्हटली की प्रवासी रिक्षा किंवा मालवाहू टेम्पोच डोळ्यांपुढे येतो. उत्तर अमेरिकेत मात्र पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली, केवळ भटकंतीसाठी घेतली जाणारी वाहने हा एक वेगळा वर्ग आहे. कॅनडाच्या बीआरपी कंपनीने २००७ मध्ये ‘कॅन-ॲम स्पायडर’ बाजारात आणली. अमेरिकेच्या पोलारिसने २०१४ मध्ये ‘स्लिंगशॉट’ आणली. ही वाहने बहुधा बर्फावरच्या गाड्या, पाण्यावरच्या स्कूटर आणि डोंगरात चालणाऱ्या चारचाकी एटीव्ही विकणाऱ्या दुकानाच्या एका कोपऱ्यात उभी असतात. दुकानदाराचे पोट त्यांच्यावर चालत नाही. त्यामुळे मंदी आली, व्याजदर वाढले की काटछाटीचा पहिला वार या कोपऱ्यावरच होतो.

वितरकाचे गणित

यामागचे अर्थकारण समजून घेतले पाहिजे. वितरक कंपनीकडून गाड्या विकत घेतो; त्यासाठी बँकेचे कर्ज काढतो. दालनात उभ्या असलेल्या गाडीवर रोज व्याज चढत असते. त्याखेरीज जागेचे भाडे, प्रशिक्षित कारागीर, खास अवजारे, दोष शोधणारा संगणक आणि सुट्या भागांचा साठा हा खर्च गाड्या दहा विकल्या काय किंवा हजार विकल्या काय, जवळजवळ तेवढाच असतो. हजार गाड्यांवर विभागला तर तो जाणवत नाही. दहा गाड्यांवर पडला तर कंबरडे मोडते. मग वितरक आधी भागांचा साठा कमी करतो, त्यानंतर कारागीर सोडून जातो आणि दुरुस्तीला महिना लागू लागतो. ही वार्ता पसरली की नवा ग्राहक येत नाही. जाळे असे एकेका गाठीने उसवत जाते.

भारतातील एक अनुभव या संदर्भात बोलका आहे. ‘स्लिंगशॉट’ बनविणाऱ्या पोलारिसने आयशर मोटर्सशी २०१२ मध्ये भागीदारी केली आणि जून २०१५ मध्ये जयपूरजवळच्या कारखान्यातून ‘मल्टिक्स’ नावाचे वाहन आणले. ते चारचाकी होते आणि हौसेपुरते नव्हते; कुटुंब नेणे, माल वाहणे आणि घराला वीज पुरविणे अशी तिहेरी सोय त्यात होती. लहान गावांतील स्वतंत्र व्यावसायिक हा त्याचा अपेक्षित ग्राहक; म्हणजे इस्लामपूरसारखे गाव त्याच्या नेमक्या टप्प्यातले. कल्पना चांगली होती. परंतु विक्री अपेक्षेइतकी झाली नाही आणि मार्च २०१८ मध्ये भागीदारांनी हा उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. अवघ्या पावणेतीन वर्षांत एक नवा वाहनप्रकार आला आणि गेला.

मोठ्या नावांचीही हीच कथा. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबविली. हार्ले-डेव्हिडसनने सप्टेंबर २०२० मध्ये येथील उत्पादन आणि स्वतःची विक्रीव्यवस्था आवरती घेतली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा वाहन विक्रेत्यांच्या ‘फाडा’ या संघटनेने १७० वितरक, सुमारे दोन हजार कोटी रुपयांची त्यांची गुंतवणूक आणि ४० हजार नोकऱ्या यांचा हिशेब मांडला होता. हार्लेच्या बाबतीत हीरो मोटोकॉर्पने ऑक्टोबर २०२० मध्ये विक्री आणि सेवेची जबाबदारी स्वीकारल्याने मालकांना आधार मिळाला. परंतु आधीच्या वितरकांपैकी सर्वांना नव्या व्यवस्थेत स्थान मिळाले नाही.

साइडकारचे दिवस

येथे कोणी म्हणेल की, कंपन्या पूर्वीही बंद पडत होत्या, गाड्या तरीही चालत राहिल्या. ते खरे आहे. पश्चिम महाराष्ट्राला तीनचाकी हौसेची ओळख झाली ती बजाज स्कूटरला जोडलेल्या साइडकारमुळे. नवरा-बायको स्कूटरवर आणि मुले साइडकारमध्ये, अशा थाटात कुटुंबे जोतिबाला किंवा नरसोबाच्या वाडीला जात. बजाजने २००९ मध्ये स्कूटर व्यवसायातून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला, तरी जुन्या चेतक एका रात्रीत भंगारात गेल्या नाहीत. पुढे २०२० मध्ये विजेवरची चेतक आली. तोवर आणि त्यानंतरही जुन्या स्कूटरचे भाग पेठेत मिळत राहिले. कारण त्या लाखोंच्या संख्येने खपल्या होत्या आणि त्यांचे यंत्र गावच्या मिस्त्रीला पाठ होते. कोल्हापूर आणि शिरोलीच्या ओतशाळांचा हा टापू. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली, त्यांचाच हा परिसर. येथे लोखंडाचा कोणताही तुकडा घडवून देणारा कारागीर सापडतो.

आजच्या हौशी तीनचाकीत मात्र लोखंडापेक्षा संगणक अधिक आहे. वळणावर तोल सांभाळणारी यंत्रणा, इंधन मोजणारे संवेदक आणि नियंत्रक यांचा दोष कंपनीचे सॉफ्टवेअर असलेल्या संगणकाशिवाय कळत नाही आणि तो संगणक वितरकाकडेच असतो. म्हणजे जुन्या काळी वितरक ही सोय होती. आज तो वाहनाचाच एक सुटा भाग झाला आहे, आणि बाजारात न मिळणारा सुटा भाग! संख्येचा आधार नाही आणि मिस्त्रीचा इलाजही चालत नाही, अशा कात्रीत या वाहनाचा मालक सापडतो.

कायद्याची पोकळी

या ठिकाणी कायद्याने काही करावयास हवे. अमेरिकेत १९५६ पासून वितरकाला कंपनीविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क देणारा केंद्रीय कायदा आहे. शिवाय बहुतेक राज्यांचे स्वतंत्र कायदे आहेत. पोलारिसने जानेवारी २०१७ मध्ये आपली ‘व्हिक्टरी’ ही मोटारसायकल बंद केली, तेव्हा उरलेल्या गाड्या खपविण्यासाठी वितरकांना मदत आणि दहा वर्षे सुट्या भागांचा पुरवठा अशी ग्वाही त्याच दिवशी द्यावी लागली. आपल्याकडे वितरकाच्या हाती कंपनीने तयार केलेला करारनामा तेवढा असतो. तो पुनर्विक्रीसाठी गाड्या घेतो, म्हणून ग्राहक संरक्षण कायद्याच्या दृष्टीने तो ग्राहकही ठरत नाही. वितरकांना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा करावा, ही ‘फाडा’ची मागणी जुनीच आहे.

ग्राहकाची स्थिती थोडी बरी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तो राहत्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. इस्लामपूरच्या ग्राहकाला सांगलीच्या आयोगाकडे जाता येते. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने संकेतस्थळ सुरू केले असून त्यात वाहनक्षेत्राचाही समावेश आहे. तथापि, माहिती मिळणे आणि भाग मिळणे यांत अंतर आहे. निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला, तरी बंद पडलेल्या दुकानातून पट्टा किंवा संवेदक निघत नाही.

म्हणून तीन गोष्टी आवश्यक वाटतात. पहिली, वाहन विकण्याची परवानगी देतानाच विक्री थांबल्यानंतर ठरावीक वर्षे सुटे भाग पुरविण्याचे बंधन कंपनीवर असावे. दुसरी, कंपनी बाजार सोडत असेल तर तिने दोष शोधण्याचे सॉफ्टवेअर आणि दुरुस्तीची पुस्तिका स्वतंत्र गॅरेजांना खुली करावी. तसे झाले तर आपल्या भागातील कारागीर उरलेले काम नक्की निभावतील. तिसरी, वितरकाकडील न विकलेल्या गाड्या आणि भाग परत घेण्याची जबाबदारी कंपनीची असावी. कमी खपाच्या वाहनासाठी स्वतंत्र दालनाचा हट्ट सोडून मोठ्या कंपनीच्या जाळ्यात जागा मिळविणे हा मार्गही हार्ले-हीरोच्या उदाहरणाने दाखविला आहे.

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. परंतु तालुक्याच्या गावात हौसेची गाडी घेणारा बहुधा वर्षानुवर्षांची बचत तिच्यात घालतो. आणि ती विकणारा वितरकही अनेकदा वडिलोपार्जित जागा बँकेकडे तारण ठेवून उभा असतो. कंपनी ताळेबंदातील एक ओळ खोडून पुढे जाते आणि नुकसान या दोघांच्या वाट्याला येते. तेव्हा पाडव्याला गाडीचा रंग आणि वेग पाहण्यापूर्वी ग्राहकाने एक प्रश्न जरूर विचारावा: हिचा जवळचा कारागीर कोठे आहे, आणि पाच वर्षांनी तो तेथे असेल का? त्याचे समाधानकारक उत्तर देण्यास कंपनीला भाग पाडणे हे काम मात्र सरकारचे आहे.