भिंतीतील तारा

मुंबई बेटावरील 30 सप्टेंबर 1969 पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींची चर्चा एखादी कोसळली की होते. 31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत पडली तेव्हाही झाली. भिंतीतील तारांकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. दोन दिवे व एक पंखा यांसाठी कधीकाळी ओढलेल्या तारांवर आज फ्रीज, गिझर, इस्त्री यांचा भार आहे; जिना लाकडी, आणि मीटरांच्या पेट्या पुष्कळदा त्याच जिन्याखाली! 30 मिलिअँपिअर गळती होताच प्रवाह तोडणारे साधन जीव वाचविते; पण ते बसवावयाचे कोणी? 1947 च्या कायद्याने गोठलेली भाडी 1999 च्या कायद्यान्वये वर्षाला चार टक्क्यांनीच वाढतात. मालकास रस नाही. भाडेकरूचे डोळे पुनर्विकासाकडे. तो होईल तेव्हा होवो! वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडे तोवर तापलेल्या गच्चीखाली पंखा अहोरात्र फिरवितात. वस्तुतः गच्चीला पांढरा चुना फासण्यास मोठा खर्च येत नाही. दुरुस्ती मंडळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी इमारतींची पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते. त्याच पाहणीत विद्युत निरीक्षकाने जिन्याखालची पेटीही उघडून पाहावी.