गाडी स्वतः चालत होती, मग धडक दिली कुणी? सेल्फ-ड्रायव्हिंग गाडीच्या अपघातात जबाबदार कोण?

समजा, संध्याकाळची वेळ आहे. नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालेली एक एसयूव्ही राष्ट्रीय महामार्ग 53 वर जवाहरनगरजवळ आली आहे. ऑर्डनन्स फॅक्टरीतली ड्युटी संपवून एक कामगार सायकल हातात धरून रस्ता ओलांडतोय. गाडीतली अ‍ॅडास सिस्टीम चालू आहे. म्हणजे वेग गाडीच सांभाळतेय, लेनही गाडीच धरून ठेवतेय. स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाची नजर मोबाईलवर आहे. गाडी ब्रेक लावेल, असं त्याला वाटतं. गाडी ब्रेक लावत नाही.

आता सांगा, चूक कुणाची? ड्रायव्हरची, कंपनीची, की सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची?

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण गाडीतलं तंत्रज्ञान काल्पनिक नाही. म्हणूनच हा विषय नीट समजून घेऊया.

भारतात अशा गाड्या आहेत कुठे?

पूर्ण ड्रायव्हरलेस गाड्या भारतात विकल्या जात नाहीत. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी नागपूरच्या आयआयएममधल्या कार्यक्रमात स्पष्ट सांगितलं होतं की, ड्रायव्हरलेस गाड्या भारतात येऊ देणार नाही, कारण त्यामुळे ड्रायव्हर लोकांचा रोजगार जाईल.

पण ऑटोमेशनच्या 0 ते 5 अशा सहा पायऱ्या आहेत. 0 म्हणजे सगळं माणूस करतो. 5 म्हणजे सगळं गाडी करते. आपल्याकडे दुसरी पायरी, म्हणजे ‘लेव्हल 2’, आधीच आली आहे. महिंद्राची एक्सयूव्ही 700, टाटाची हॅरियर, होंडा सिटी अशा गाड्यांच्या वरच्या मॉडेल्समध्ये ती मिळते. पुढच्या गाडीपासून अंतर राखणं, लेनमध्ये राहणं, धोका दिसला की आपोआप ब्रेक लावणं ही कामं ती करते.

लेव्हल 2 चा नियम एकच आहे. मदत गाडीची, लक्ष मात्र ड्रायव्हरचं. घोळ इथेच होतो. जे यंत्र शंभर वेळा बरोबर ब्रेक लावतं, त्याच्यावर माणूस एकशे एकाव्या वेळीही डोळे मिटून विश्वास ठेवतो. आणि आपल्या रस्त्यावर धानाच्या हंगामात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली उभी असते, राँग साइडने बाईक येते, मध्येच गुरं बसलेली असतात.

आपला कायदा काय म्हणतो?

इथे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. शिक्षा कुणाला आणि पैसे कोण देणार?

शिक्षेचं उत्तर सरळ आहे. ड्रायव्हरला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार निष्काळजीपणामुळे कुणाचा मृत्यू झाला, तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. ‘अ‍ॅडास चालू होतं साहेब’ हे सांगून सुटका होत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने गाडी माणूसच चालवतो, असं गृहीत धरलं आहे.

पैशांचं उत्तर पीडितासाठी थोडं दिलासा देणारं आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 164 नुसार चूक कुणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर जखमेसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. ते गाडीच्या मालकाने किंवा विमा कंपनीने द्यायचे असतात. जास्त भरपाई हवी असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊन चूक दाखवावी लागते.

म्हणजे आपल्या गोष्टीतल्या कामगाराच्या घरच्यांना काही पैसे मिळतील, ड्रायव्हरवर केस होईल आणि फाईल बंद. ब्रेक का लागला नाही, हे विचारणारं मात्र कुणीच नसेल.

जगात असं घडलंय का?

घडलंय, आणि जवळपास असंच. 18 मार्च 2018 रोजी अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणीच्या सेल्फ-ड्रायव्हिंग गाडीने एका महिलेला उडवलं. ती सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. तपासात कळलं की, सिस्टीमला ती धडकेच्या 5.6 सेकंद आधी दिसली होती. पण ती नक्की काय आहे, गाडी की सायकल, हेच तिला ठरवता येईना. शिवाय व्होल्वोच्या त्या गाडीत कंपनीने मुळात दिलेला आपत्कालीन ब्रेक उबरने चाचणीसाठी बंद ठेवला होता.

गाडीत बसलेली सुरक्षा चालक तेव्हा फोनमध्ये बघत होती. उबरवर फौजदारी खटला झालाच नाही. त्या चालक महिलेने मात्र 2023 मध्ये गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांच्या प्रोबेशनची शिक्षा झाली.

दुसरं प्रकरण टेस्लाचं. 2019 मध्ये फ्लोरिडात ऑटोपायलटवर असलेली गाडी रस्त्याकडेला उभ्या गाडीवर आदळली आणि एका तरुणीचा जीव गेला. पडलेला फोन उचलायला ड्रायव्हर खाली वाकला होता. ऑगस्ट 2025 मध्ये मायामीतल्या ज्युरीने चुकीची वाटणी केली. 67 टक्के ड्रायव्हरची, 33 टक्के टेस्लाची. टेस्लाला सुमारे 24.3 कोटी डॉलर भरायला सांगितले. निकाल मान्य नाही, अपील करू, असं टेस्लाने सांगितलं.

ब्रिटनने तर कायदाच केला. तिथल्या 2024 च्या ऑटोमेटेड व्हेइकल्स अ‍ॅक्टनुसार, मान्यताप्राप्त गाडी स्वतः चालत असताना तिच्या ड्रायव्हिंगसाठी आत बसलेल्या माणसावर खटला भरता येणार नाही. मान्यता घेणाऱ्या कंपनीला उत्तर द्यावं लागेल.

आपल्याकडे कंपनीला कोर्टात खेचता येतं का?

येतं. क्रेटा गाडीच्या एअरबॅग अपघातात उघडल्या नाहीत, तेव्हा सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2022 मध्ये ह्युंदाईलाच जबाबदार धरलं. ग्राहक काही वेग आणि बलाचं गणित मांडणारा तज्ज्ञ नसतो, असं कोर्टाने म्हटलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूंसाठी उत्पादकाची जबाबदारी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 110अ नुसार सरकार सदोष गाड्या परत मागवायला लावू शकतं.

पण मेख अशी की, क्रेटाच्या केसमध्ये तक्रार गाडी विकत घेणाऱ्याची होती. आपला सायकलवाला कुणाचाच ग्राहक नाही. त्याने ती गाडी घेतली नव्हती, अ‍ॅडास चालू करा असंही सांगितलं नव्हतं. आणि दोष दाखवणारा पुरावा असतो गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये. तो वाचण्याची चावी कंपनीकडे.

मग सगळं ड्रायव्हरवर टाकलं तर बिघडतं कुठे?

जवाहरनगरला हा प्रश्न वेगळ्या रूपात माहीत आहे. 24 जानेवारी 2025 रोजी इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत स्फोट झाला आणि आठ जणांचा जीव गेला. अशा स्फोटानंतर ‘त्या वेळी हात कुणाचा होता’ एवढंच विचारून कुणाचं समाधान होत नाही. इमारत, यंत्र, प्रक्रिया, देखरेख, सगळं तपासा असंच आपण म्हणतो. दिल्लीतल्या 1985 च्या वायुगळतीनंतर सुप्रीम कोर्टानेही तत्त्व घालून दिलं की, घातक उद्योगातून नुकसान झालं तर जबाबदारी त्या उद्योगाची, सबबी चालणार नाहीत.

हेच तत्त्व जसंच्या तसं गाडीला लावा, असं नाही. मोबाईल बघणारा ड्रायव्हर दोषी आहेच. पण फक्त त्यालाच शिक्षा झाली, तर तेच सॉफ्टवेअर असलेल्या बाकी गाड्या उद्या त्याच रस्त्यावरून जाणार. माणूस बदलेल, चूक तीच राहील.

करायला काय हवं?

पहिलं, अ‍ॅडास असलेल्या गाडीच्या अपघातात धडकेआधीच्या सेकंदांचा डेटा पोलिसांना आणि पीडिताच्या कुटुंबाला मिळालाच पाहिजे. दुसरं, मायामीसारखी चुकीची टक्केवारी आपल्या न्यायाधिकरणांसमोरही मांडता यावी. तिसरं, जाहिरातीत गाडी ‘स्वतः चालते’ असं दाखवायचं आणि मॅन्युअलमध्ये ‘हात स्टिअरिंगवर ठेवा’ असं बारीक अक्षरात छापायचं, हा दुटप्पीपणा थांबावा.

आणि तुमच्या घरी अशी गाडी असेल, तर मॅन्युअलमधलं ‘सिस्टीम कधी काम करत नाही’ हे पान आज वाचा. दुर्दैवाने अपघात झालाच, तर अ‍ॅडास चालू होतं की बंद, याची नोंद पंचनाम्यात करायला सांगा.

थोडक्यात, आज भारतात उत्तर एकच आहे. स्टिअरिंगमागे तुम्ही बसला असाल, तर जबाबदार तुम्ही. हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. उरलेलं अर्धं उत्तर कंपनीने द्यायचं आहे, आणि ते मागायला सायकलवाल्याच्या घरच्यांकडे आज सोपा रस्ता नाही.