आधी पिक्सेल, मग केबी

बँक भरतीचे अर्ज सुरू झाले की आमच्या टपालाचा सूर बदलतो. लेन्स, प्रिंटर, कागदाचे भाव सगळं मागे पडतं आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून एकच तक्रार येते: फोटो नीट काढून दिला, तरी साइट घेत नाही आणि गिऱ्हाईक भांडायला येतं ते स्टुडिओच्या दारात. अर्जाची मुदत संपायला दोन तास उरलेले, सोबत घाबरलेला बाप आणि हातात मोबाइल. यंदा अशी पत्रं इतकी आली की या विषयावर स्पष्ट लिहिणं भाग आहे.

आयबीपीएसच्या सूचनापत्रातलं फोटोचं कलम घ्या. फोटो 4.5 बाय 3.5 सेंमी, स्कॅनर किमान 200 डीपीआय, आकार शक्यतो 200 बाय 230 पिक्सेल, फाइल 20 ते 50 केबी. आता हिशेब करा. साडेतीन सेंमी रुंदीचा फोटो 200 डीपीआयवर स्कॅन केला की 276 पिक्सेल येतात आणि साडेचार सेंमी उंचीचे 354. म्हणजे सूचनेतलं पहिलं वाक्य पाळलं की दुसरं मोडतं. बरं, प्रमाण राखून लहान करायचं म्हटलं तर 200 रुंदीला 257 उंची पडते, 230 नव्हे. राहिलेल्या 27 पिक्सेलचं काय करायचं? एक तर वरखाली कापा, नाहीतर चेहरा दाबून बसवा. दाबला तर माणूस दहा टक्क्यांनी बुटका आणि गालफडांनी रुंद होतो. परीक्षा केंद्रावर तोच चेहरा पडताळून पाहायचा असतो, हे कलम लिहिणाऱ्याच्या ध्यानात कसं आलं नाही?

सहीचं कलम तर त्याहून वाईट. 140 बाय 60 पिक्सेल आणि 10 ते 20 केबी. ही प्रतिमा मुळीच न दाबता ठेवली तरी तीन रंगवाहिन्यांची मिळून 25,200 बाइट भरते. पांढऱ्याशुभ्र कागदावर काळ्या शाईची एक रेघ. जेपीईजीला त्यात साठवण्यासारखं फार काही नसतं. त्यामुळे स्वच्छ स्कॅन केलेली सही वरच्या क्वालिटीवर सेव्ह करूनही अनेकदा 10 केबीच्या खाली राहते आणि नाकारली जाते. मोबाइलवर सावलीत काढलेली, करडे डाग पडलेली सही मात्र वजनाने भरते आणि पास होते. चांगलं काम नाकारायचं आणि घाण काम स्वीकारायचं, अशी ही अट आहे. उपाय आपण शोधलेला आहे. आकारापुढे ‘शक्यतो’ लिहिलेलं असतं, तेव्हा प्रमाण तेच ठेवून 280 बाय 120 करा, वजन आपोआप वाढतं. पण हा उपाय गावातल्या पोराला कोण सांगणार? तो सायबर कॅफेत पन्नास रुपये देऊन सही फुगवून घेतो.

खालची मर्यादा मुळात हवीच कशाला? फोटो अस्पष्ट येऊ नये हा हेतू असेल, तर तो पिक्सेलच्या अटीने साधतो. केबीने स्पष्टपणा मोजता येत नाही. पांढरी पार्श्वभूमी आणि गुळगुळीत त्वचा असलेला उत्तम फोटो हलका भरतो, चकचकीत नक्षीच्या साडीतला हललेला फोटो जड भरतो. वरची मर्यादाही सर्व्हरला स्वतः पाळता येते. पाच एमबीची फाइल घेऊन हव्या मापात आणणारा प्रोग्राम कोणताही होतकरू मुलगा दुपारभरात लिहील. ते काम लाखो उमेदवारांच्या गळ्यात कशासाठी?

त्यात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. केंद्रीय लोकसेवा आयोगाने 20 ते 300 केबी आणि 350 ते 1000 पिक्सेल अशी अट ठेवली होती. अमेरिकेच्या व्हिसाला चौरस फोटो लागतो, 600 ते 1200 पिक्सेल आणि 240 केबीच्या आत. एकाच घरातल्या भावंडांना एकाच बैठकीतून तीन फाइली द्याव्या लागतात. नीट विचार केला की काय होतं, याचंही उदाहरण सरकारातच आहे. परदेशातल्या भारतीय दूतावासांनी सप्टेंबर 2025 पासून पासपोर्टसाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांचा फोटो मागायला सुरुवात केली. माप 630 बाय 810 पिक्सेल. हे 35 बाय 45 मिलिमीटरचंच तंतोतंत प्रमाण आहे. कुणीतरी भागाकार केला. इतरांनी करायला काय हरकत आहे?

आता आपल्या घरात डोकावू या, कारण सगळा दोष तिकडचा नाही. अजूनही कित्येक दुकानांत रिसाइज करताना प्रमाणाची साखळी काढून टाकतात आणि आकडे ठोकून मोकळे होतात. हे बंद करा. आधी हव्या प्रमाणात क्रॉप, मग पिक्सेल, शेवटी केबी. हा क्रम उलटा केला की फोटो बिघडलाच. फोटोशॉपच्या ‘सेव्ह फॉर वेब’मध्ये फाइलचं वजन सांगून सेव्ह करायची सोय कित्येक वर्षांपासून आहे, ती वापरा. मर्यादा 50 असेल तर 47-48 वर थांबा. कुठे हजार बाइटचा केबी धरतात, कुठे 1024 चा. सीएमवायकेमधली फाइल देऊ नका, एसआरजीबी करा. आयफोनच्या फाइलचं नुसतं नाव बदलून ती जेपीईजी होत नाही. मोबाइलवर सरळ दिसणारा फोटो साइटवर आडवा पडला, तर दोष एक्झिफमधल्या दिशेच्या नोंदीचा असतो; फिरवून पुन्हा सेव्ह करा. आणि गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला की तिथे तो पुन्हा दाबला जातो आणि तुमची मेहनत वाया जाते.

सर्वांत जास्त चीड येते ती एका सवयीची. फोटोशॉप उघडायचा कंटाळा, म्हणून कुठल्यातरी फुकट साइटवर गिऱ्हाइकाचा फोटो, सही आणि डाव्या अंगठ्याचा ठसा चढवायचा आणि केबी कमी करून घ्यायचा. ती साइट कोणाची, फाइल कुठे राहते, हे आपल्याला ठाऊक नसतं. सही आणि ठसा एकत्र दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे काय, हे बँकेत खातं असलेल्या माणसाला समजावून सांगायला लागू नये. दुकानाच्या संगणकावरही वर्षानुवर्षांच्या सह्या आणि ठसे डेस्कटॉपवर उघडे पडलेले असतात. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा वाचा. फोटोची मूळ फाइल गिऱ्हाइकाला विचारून ठेवा. सही आणि ठसा काम झाल्यावर त्याच्यासमोर पुसून टाका.

या कामाचे पैसेही घ्या. ‘आठ प्रती घेतल्या, केबी फुकट’ या पद्धतीने हे काम कौशल्याचं आहे असं कुणाला वाटतच नाही. वेगळा दर लावा, पावतीवर लिहा आणि अर्जात फाइल चढेपर्यंतची जबाबदारी घ्या.

भरती घेणाऱ्या संस्थांकडे आम्ही तीन मागण्या घेऊन जाणार आहोत: केबीची खालची अट काढा, फोटोचं माप सर्वत्र 35:45 च्या प्रमाणात ठेवा आणि लहान करण्याचं काम सर्व्हरकडे द्या. त्यासाठी पुरावा लागेल. ज्या अर्जात अडचण आली त्याच्या सूचनापत्राची प्रत आणि नकाराच्या संदेशाचा स्क्रीनशॉट पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवा. गिऱ्हाइकाची फाइल मात्र पाठवू नका, त्याचं नाव आणि अर्ज क्रमांकही झाका. नमुना हवा असेल तर स्वतःचा फोटो काढा, स्वतःची सही करा आणि त्याच मापात बसवून पाठवा.