मढं कुणाच्या हद्दीत?

गावाची शीव दाखवायचं काम एकेकाळी महाराचं होतं. दोन गावांत भांडण लागलं की पाटील-कुलकर्णी बाजूला उभे राहायचे आणि आमचा आजा शिवेवरून चालायचा. तो चालला ती हद्द. शिवेवर बेवारस मढं सापडलं, तर फौजदार येईस्तोवर राखण करायची तीही त्यानेच. उपाशीपोटी, कुत्री हाकलीत. या वतनाच्या नावाखाली चाललेल्या वेठीवर आणि वर लादलेल्या जुडीवर १९४१ च्या ऑगस्टात बाबासाहेब याच सिन्नरला येऊन कडाडले. १९५८ च्या कायद्याने वतन गेलं. मढं राखायचं काम मात्र अजून आपल्याकडेच आहे. फरक एवढाच, की आता हद्द फौजदार दाखवतो.

सिन्नर ठाणं, एमआयडीसी ठाणं, वावी ठाणं. मोहदरी घाट उतरून नाशिकरोडकडे गेलं की शहर आयुक्तालय. शिर्डी रस्त्याने पाथरे ओलांडलं की कोपरगाव, म्हणजे जिल्हाच दुसरा. नांदूर शिंगोट्याच्या पुढे संगमनेर. वरून आता समृद्धी महामार्ग. मुसळगाव-माळेगावच्या कारखान्यातून रात्रपाळी करून सायकलवर निघालेला पोरगा किंवा विड्या पोचवून परतणारी बाई रस्त्यावर चिरडली, की ठाण्यात पहिला सवाल येतो: जागा कोणती? पुलाच्या अलीकडं की पलीकडं? मेला कोण, मारला कोणी, हे नंतर. आधी मोजपट्टी. आणि मोजता मोजता गाडी दोन जिल्हे ओलांडून जाते.

आता मोठ्या माणसाची गाडी बघा.

४ सप्टेंबर २०२२. टाटा उद्योगाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर गेले. हद्द कासा ठाण्याची, आदिवासी मुलखातलं लहानसं ठाणं. त्या ठाण्याच्या तपासाला मर्सिडीज कंपनीचे तज्ज्ञ हाँगकाँगहून आले. मागच्या सीटवर पट्टा लावा, म्हणून केंद्रीय मंत्री बोलले. त्याच्या आदल्या महिन्यात विनायक मेटे द्रुतगती मार्गावर गेले, तपास सीआयडीकडे. गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ ला दिल्लीत गेले, तपास सीबीआयकडे. माणूस मोठा असला की हद्द रबरासारखी ताणते, दिल्लीपर्यंत जाते, समुद्रापार जाते. या माणसांच्या मरणाचा तपास झाला याचं आम्हाला दुःख नाही. झालाच पाहिजे. पण १३ जानेवारी २०२३ ला आपल्या पाथऱ्याजवळ शिर्डीला निघालेली अंबरनाथकडची बस ट्रकवर आदळली. १० माणसं मेली. मुख्यमंत्र्यांनी पाच-पाच लाख जाहीर केले. हाँगकाँगहून कोणी आलं नाही.

हे झालं मोठा माणूस मेल्यावरचं. मोठ्या माणसाच्या गाडीखाली दुसरा मेला तर? तिथे हद्द ताणत नाही, आकसते.

२८ सप्टेंबर २००२ ची पहाट. वांद्रे, हिल रोड. बेकरीसमोरच्या फुटपाथवर कामगार झोपलेले. सलमान खानची लँड क्रूझर त्यांच्यावर चढली. एक मेला, चार जखमी. नट त्याच दिवशी ९५० रुपयांच्या जामिनावर घरी. मग बोंब झाली, कलम बदललं, पुन्हा अटक, थोडे दिवस तुरुंग. तिथून सुरू झाली दुसरीच हद्दीची भानगड. ही जमिनीची नाही, कलमाची. ३०४ अ म्हणजे निष्काळजीपणा, शिक्षा फार तर २ वर्षं. ३०४ भाग दोन म्हणजे सदोष मनुष्यवध, १० वर्षांपर्यंत. खटला मॅजिस्ट्रेटचा की सेशन्सचा? या एका सवालावर हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, परत मॅजिस्ट्रेट, आणि २०१३ मध्ये पुन्हा सेशन्स. अकरा वर्षं खटला कुणाच्या अंगणात बसवायचा तेच ठरत होतं. २०१४ मध्ये जबाबांचे मूळ कागदच गहाळ झाले, मग सापडले. ६ मे २०१५ ला ५ वर्षांची शिक्षा झाली, त्याच दिवशी अंतरिम जामीन. १० डिसेंबर २०१५ ला हायकोर्टाने निर्दोष सोडलं. गाडीत बसलेला गायक कमाल खान, त्याला सरकार पक्षाने साक्षीला उभंच केलं नव्हतं.

कोर्टाने सोडलं, तर कायद्याने तो निर्दोष. नटाच्या पोस्टरला चपला मारण्यात मला रस नाही. माझा सवाल पोलिसांना आहे. भर वस्तीत गाडी माणसांवर चढते, गाडीत तुमचाच माणूस बसलेला, आणि गाडी कोण हाकत होतं हे तेरा वर्षांत तुम्हाला सिद्ध करता येत नाही?

तुमचाच माणूस. कॉन्स्टेबल रवींद्र पाटील. नटाला धमक्या आल्या म्हणून सरकारने दिलेला अंगरक्षक. फिर्याद त्याने दिली. पुढे मॅजिस्ट्रेटपुढे सांगितलं, की मी वेग कमी करा म्हणत होतो, ऐकलं नाही. या एका वाक्याची किंमत त्याने काय मोजली? तारखांना गैरहजर राहिला म्हणून २००६ मध्ये वॉरंटावर त्याच्याच खात्याने त्याला धरला, आर्थर रोडला टाकला. नोकरी गेली. ऑक्टोबर २००७ मध्ये शिवडीच्या क्षयाच्या इस्पितळात मेला. मेल्यावर हायकोर्ट म्हणालं, याची साक्ष भरवशाची नाही, वाढीव कलमाखाली याची उलटतपासणी झालेली नाही. मेलेल्याची उलटतपासणी कुठून व्हावी? अकरा वर्षं हद्द ठरवण्यात घालवली कोणी? शिपायाने घालवली का? पाटलाची जात कोणती, हे मी शोधत बसलो नाही. खाकी अंगावर असली तरी खालच्या पायरीवरचा माणूस खरं बोलला की खाली ढकलला जातो, एवढं मला पुरे.

काही दोस्त म्हणतात, नट मुसलमान, म्हणून पोलीस त्याच्या मागं लागले. दुसरे म्हणतात, नट पैसेवाला, म्हणून पोलीस विकले गेले. मी म्हणतो दोन्ही हेतू एकाच ठाण्यात नांदतात. कॅमेरे बाहेर उभे असले की अटकेची घाई; कॅमेरे गेले की कागद गहाळ. एकाला फोटो पाहिजे, दुसऱ्याला पाकीट. फुटपाथवर मेलेला दोघांनाही नको असतो. २०२१ मध्ये एका दुसऱ्या खानाच्या पोराला केंद्राच्या नार्कोटिक्सवाल्यांनी बोटीवरून उचलला आणि २०२२ मध्ये पुरावा नाही म्हणून आरोपपत्रातून वगळला. तेव्हा मोठ्याच्या मागं पोलीस लागले की न्याय निघाला, असं समजून टाळ्या वाजवू नका.

पुणं ताजं आहे. १९ मे २०२४, कल्याणीनगर, पोर्श गाडी, बिल्डरचा सतरा वर्षांचा पोरगा, दोन तरुण इंजिनीअर जागीच ठार. बालन्याय मंडळाने तीनशे शब्दांचा निबंध लिही म्हणून जामीन दिला. येरवडा ठाण्याच्या दोन अधिकाऱ्यांनी वर कळवलंच नाही, ते निलंबित झाले. ससूनमध्ये पोराचं रक्त कचऱ्यात गेलं आणि बाटलीत आईचं रक्त भरलं, असा पोलिसांचाच आरोप. डॉक्टर त्यात अटकेत. गाडी मी चालवत होतो असं म्हण, म्हणून ड्रायव्हरला डांबल्याचा गुन्हा बापावर आणि आज्यावर. बघा, ड्रायव्हर! मालकाचं पाप नोकराच्या अंगावर ढकलायची ही मनूची जुनीच तऱ्हा. आणि दीड महिन्यात वरळी. ७ जुलै. नवऱ्याबरोबर स्कूटरवर मासळी घेऊन येणारी कोळीण गाडीने फरफटत नेली. आरोपी सत्ताधारी पक्षाच्या पुढाऱ्याचा पोरगा. गाडी तेव्हाच सापडली, पोरगा दोन दिवसांनी. दोन दिवसांनी रक्तात दारू काय सापडणार? कप्पाळ?

तर आता सिन्नरच्या पोरांनो, "आमच्या हद्दीत नाही" हे वाक्य ऐकून ठाण्याच्या पायऱ्या उतरू नका. ते वाक्य कायद्यात नाही. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद हद्द न बघता घ्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते लिहून ठेवलंय. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. आधी नोंद, मग ज्याची हद्द त्याच्याकडं रवाना. आणि फौजदाराला असा तपास करायचा अधिकार नव्हता एवढ्यावरून त्याच्या कामाला बोट लावता येत नाही, हे तर जुन्या संहितेतही होतं, १५६ (२). नव्यात १७५ (२). म्हणजे हद्दीची भीती फौजदाराला नाहीच. ती आपल्याला घालायची असते.

एक फट मात्र ध्यानात ठेवा. ३ ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात नव्या कायद्याने आधी १४ दिवस प्राथमिक चौकशी करायची मुभा दिली आहे. निष्काळजीपणाने मृत्यूला आता ५ वर्षं, म्हणजे आपला मेलेला नेमका या फटीत पडतो. पण त्याला डीवायएसपीची परवानगी लागते. ती कागदावर मागा. तोंडी चालणार नाही म्हणावं. आणि ज्याला गावात आधी दम दिलेला होता तो रस्त्यावर मरून पडला, तर "अपघात" हा शब्द मुकाट्यानं गिळू नका. अपघात लिहिला की अॅट्रॉसिटी लागत नाही, आणि अॅट्रॉसिटी लागली नाही की डीवायएसपीला तपासाला यावं लागत नाही. कित्येकदा एवढ्याच साठी तो शब्द लिहिला जातो.

फिर्याद घेतली नाही तर तीच टपालाने एसपीला, नाशिक ग्रामीण. घेतली तर नक्कल फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठायचं नाही. गाडी पळून गेली, नंबर सापडला नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून मेलेल्याच्या घरी २ लाख आणि जबर जखमीला ५० हजार मिळतात. अर्ज तहसीलदाराकडं किंवा प्रांताकडं. त्याआधी मेल्याची किंमत २५ हजार होती. ही रक्कम आपल्या वस्त्यांत कितीकांना ठाऊकच नाही, कारण सांगायला कोणी जात नाही. तुम्ही जा.

ठाण्यात एकटी म्हातारी पाठवू नका, दोघंतिघं लिहिता-वाचता येणारे बरोबर राहा. फिर्याद वाचून दाखवल्याशिवाय सही-अंगठा नाही. तपासातल्या जबाबावर सही लागतच नाही, मागितली तर का म्हणून विचारा. आणि वर "अकस्मात मृत्यू" असं लिहिलेलं दिसलं, तर तिथंच थांबवा आणि गाडीचा रंग, दिशा, वेळ, बघणाऱ्याचं नाव, सगळं पुन्हा लिहायला लावा.