रेडिओवर नुसती खरखर का ऐकू येते? आकाशवाणीच्या 'मीडियम वेव्ह'चं नेमकं काय बिघडलंय?

संध्याकाळचे साडेसात वाजलेत. जुन्या ट्रान्झिस्टरवर 792 किलोहर्ट्झ लावलंय, म्हणजे आकाशवाणी पुणे. दुपारी हेच केंद्र बऱ्यापैकी लागत होतं. आता निवेदकाच्या आवाजामागे कुठलं तरी अनोळखी गाणं वाजतंय, मध्येच आवाज बुडतो, पुन्हा वर येतो आणि या सगळ्यावर एक सलग 'घर्रर्र' चालू आहे.

घरातले म्हणतात, रेडिओ जुना झाला. दुकानदार म्हणतो, स्टेशनच बंद पडत चाललंय. दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. पण सर्वांत मोठा गुन्हेगार बहुतेक वेळा डोक्यावर लटकत असतो, आणि तो म्हणजे एलईडी बल्ब.

महाराष्ट्रात मुंबईची अस्मिता वाहिनी (558), नागपूर (585), जळगाव (963), रत्नागिरी (1143), सांगली (1251), परभणी (1305) ही केंद्रं पिढ्यान्‌पिढ्या याच एएम पट्ट्यावर ऐकली गेली. शेतीचे कार्यक्रम, बाजारभाव, हवामानाचा इशारा, सकाळचं प्रादेशिक बातमीपत्र हे सगळं इथून घराघरात पोहोचलं. हा पट्टा आता ऐकण्यालायक राहिलाय का, आणि नसेल तर कुणाचं काय अडतं, हा प्रश्न फक्त जुन्या आठवणींचा नाही.

आधी आवाजाचं गणित

एएम म्हणजे 'अ‍ॅम्प्लिट्यूड मॉड्युलेशन'. यात आवाजाची माहिती रेडिओलहरीच्या उंचीत भरलेली असते. लहर कधी उंच, कधी ठेंगणी होते आणि रेडिओ हा चढउतार वाचून पुन्हा आवाज तयार करतो. अडचण अशी की वीज चमकली, मिक्सर चालू झाला, मोटारीची ठिणगी उडाली, तरी लहरीच्या उंचीतच फरक पडतो. निवेदकाचा आवाज कुठला आणि मिक्सरचा कुठला, हे रेडिओला कळत नाही. एफएममध्ये माहिती उंचीत नसते, कंपनांच्या वेगात असते. त्यामुळे उंचीतली गडबड एफएमचा रेडिओ सरळ छाटून टाकू शकतो.

दुसरी मर्यादा जागेची. भारतात मीडियम वेव्हचा पट्टा साधारण 531 ते 1602 किलोहर्ट्झ एवढाच आहे. 1975 च्या जिनिव्हा करारानुसार आशिया, आफ्रिका आणि युरोपात दोन केंद्रांमध्ये 9 किलोहर्ट्झचं अंतर असतं. शेजाऱ्याच्या हद्दीत घुसायचं नसेल तर एका केंद्राला जेमतेम साडेचार किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पाठवता येतो. एफएमवर ही मर्यादा 15 किलोहर्ट्झ आहे. स्वस्त ट्रान्झिस्टर तर तीन किलोहर्ट्झच्या आसपासच आवाज कापतात, म्हणजे जुन्या लँडलाइन फोनसारखा.

याचा परिणाम फक्त गाण्यावर होत नाही. टाळांचा खणखणाट बोथट होतो, तानपुरा गुदमरतो, हे खरंच. पण मराठीतल्या 'स' या अक्षराची बरीचशी ऊर्जा पाच किलोहर्ट्झच्या वर असते. तीच कापली गेली आणि वर खरखर असली, तर 'साठ' आणि 'आठ' यातला फरक कानाला पकडणं कठीण. आता बाजारभावाचं बातमीपत्र ऐकणाऱ्याची कल्पना करा.

खरखर वाढली कशी?

ट्रान्समीटर तोच आणि रेडिओही तोच असला, तरी आज आवाज वीस वर्षांपूर्वीपेक्षा खराब येऊ शकतो. कारण मधल्या काळात घर बदललं.

पूर्वी घरात पिवळा बल्ब, पंखा आणि फार तर टीव्ही असायचा. आता एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, वायफाय राउटर, सेट टॉप बॉक्स आणि छतावर सोलर आहे. या प्रत्येक वस्तूत एक छोटं सर्किट असतं, जे विजेला सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतं. त्यातून निघणारा 'विद्युत कचरा' नेमका मीडियम वेव्हच्या पट्ट्यात सांडतो आणि घरातल्या वायरिंगमधून सगळीकडे पसरतो. चांगल्या बनावटीच्या उपकरणात हा कचरा अडवणारं फिल्टर असतं. स्वस्त मालात पैसे वाचवायचे तर आधी तेच फिल्टर गाळलं जातं, कारण त्याच्याशिवायही दिवा लागतोच.

इलेक्ट्रिक गाड्यांचंही तेच. मोटर आणि बॅटरीमधल्या सर्किटच्या गोंगाटामुळे अमेरिकेत काही कंपन्यांनी इलेक्ट्रिक गाड्यांमधून एएम रेडिओच काढून टाकला. फोर्डही त्या वाटेवर होती, पण मे 2023 मध्ये तिने माघार घेतली. तिथे आपत्तीचे सरकारी इशारे एएम केंद्रांवरून जातात, म्हणून प्रत्येक नव्या गाडीत एएम सक्तीचा करण्याचं विधेयक त्याच वर्षी संसदेत मांडलं गेलं. आपल्याकडे या विषयावर एवढी चर्चा झाली नाही.

रात्र झाली की काय होतं?

दिवसा मीडियम वेव्हची लहर जमिनीला धरून सरकते. आकाशाकडे गेलेली लहर वातावरणाच्या वरच्या भागातला 'डी' नावाचा थर गिळून टाकतो. हा थर सूर्यप्रकाशावर जगतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि लहर आणखी वरच्या थरांवर आपटून शेकडो किलोमीटर लांब जाऊन पडते.

म्हणून रात्री परगावची, परदेशातलीही स्टेशनं लागतात. ज्यांना दूरचं ऐकायचंय त्यांच्यासाठी ही मेजवानी. पण ज्याला आपलंच केंद्र ऐकायचंय त्याच्या रेडिओत पाहुणे घुसतात, कारण जगभरात त्याच त्या शंभर-सव्वाशे जागांवर हजारो केंद्रं बसवलेली आहेत. शिवाय केंद्रापासून साधारण शंभर-दोनशे किलोमीटरच्या पट्ट्यात एक वेगळाच त्रास होतो. तिथे एकाच केंद्राची जमिनीवरून आलेली आणि आकाशातून आलेली लहर एकमेकींना भिडतात. कधी बेरीज होते, कधी वजाबाकी. आवाज बुडतो-तरंगतो तो यामुळे. कधीकधी तर निवेदक तोंडात पाणी धरून बोलतोय असं वाटतं.

या रात्रीच्या गुणाचा सर्वांत मोठा वापर झाला तो नागपुरात. तिथल्या 1000 किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून 1566 किलोहर्ट्झवर आकाशवाणीची 'नॅशनल चॅनेल' ही वाहिनी 1988 पासून रात्रभर देशभर ऐकू जायची. ट्रकचालक, रखवालदार, रात्रपाळीचे कामगार असा तिचा श्रोता. डिसेंबर 2018 मध्ये खर्चकपातीचं कारण देऊन ती बंद करण्याचा निर्णय झाला.

खर्च नेमका कशाचा?

इथे आकाशवाणीची बाजूही समजून घ्यायला हवी. एएमच्या प्रक्षेपणात 'वाहक लहर' सतत चालू असते. निवेदक श्वास घ्यायला थांबला तरी ती पूर्ण ताकदीने जात राहते. आवाज अगदी भरात असतानाही एकूण शक्तीचा दोन तृतीयांश भाग या वाहकातच जातो आणि त्यात माहिती काहीच नसते. 100 किलोवॅटचं केंद्र रोज 17 तास चाललं, तर नुसत्या वाहकापोटी 1,700 युनिट वीज लागते. ट्रान्समीटरमधली गळती आणि एअर कंडिशनिंग वेगळंच.

मग जागा. 558 किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी 537 मीटर. तिच्या पाव लांबीचा मनोरा उभारायचा म्हटलं तरी 134 मीटर होतो. या मनोऱ्यावर अँटेना बसवलेली नसते, तो मनोराच अँटेना असतो. त्याच्या पायापासून चारी दिशांना जमिनीखाली तांब्याच्या तारांचं जाळं पसरावं लागतं. या तारा गंजल्या किंवा चोरीला गेल्या की वीजबिल तेच राहतं, पण सिग्नल कमी पोहोचतो. हे मनोरे एकेकाळी गावाबाहेरच्या माळावर उभे होते. आज मुंबईत मालाड-मालवणी आणि पुण्यात हडपसर अशा भागांत त्यांच्या भोवती शहर वाढलंय. हडपसरच्या बसथांब्याचं नावच 'आकाशवाणी' आहे. अशा जमिनीवर कुणाकुणाची नजर असू शकते, हे वेगळं सांगायला नको.

एफएम आहे की, मग चिंता कशाची?

सरकारचं उत्तर एफएम हेच आहे. 28 एप्रिल 2023 ला पंतप्रधानांनी 18 राज्यं आणि 2 केंद्रशासित प्रदेशांत एकाच वेळी 91 एफएम ट्रान्समीटरचं उद्घाटन केलं. प्रत्येकाची ताकद 100 वॅट. म्हणजे छताच्या एक-दोन पंख्यांइतकी, आणि पल्ला साधारण 10 ते 15 किलोमीटर. त्याआधी जानेवारी 2023 मध्ये प्रसार भारतीसाठी 2,539.61 कोटी रुपयांची 'बिंड' योजना मंजूर झाली. आकाशवाणीचं एफएम लोकसंख्येच्या 68 वरून 80 टक्क्यांपर्यंत आणि भूभागाच्या 59 वरून 66 टक्क्यांपर्यंत नेणं हे तिचं एक उद्दिष्ट.

आकडे पुन्हा वाचा. योजना शंभर टक्के यशस्वी झाली तरी देशाचा एक तृतीयांश भूभाग एफएमबाहेर राहतो. तो भूभाग कुठला? एफएमची लहर जवळपास सरळ रेषेत जाते, डोंगर आला की अडते. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्या, मेळघाट, गडचिरोलीचं जंगल अशा ठिकाणी ती पोहोचवणं सर्वांत अवघड. मीडियम वेव्हची लांब लहर डोंगराला वळसा घालते. समुद्रावर तर ती आणखी लांब जाते, कारण खारं पाणी कोरड्या खडकापेक्षा हजारो पट चांगलं विद्युतवाहक आहे. त्यामुळे किनाऱ्यावरच्या केंद्राचा आवाज घाटातल्या गावापेक्षा मासेमारीच्या बोटीवर स्वच्छ येऊ शकतो.

आणि इथे दुसरा पर्याय उभा राहत नाही, कारण भारतात खासगी कंपन्यांना फक्त एफएमचे परवाने मिळतात. कम्युनिटी रेडिओही एफएमवरच. एएमवर आकाशवाणी सोडून कुणीच नाही.

आकाशवाणी आपलं प्रसारण देशाच्या जवळपास 92 टक्के भूभागावर आणि 99.19 टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचतं असं सांगत आली आहे. यातला मोठा वाटा मीडियम वेव्हचा. पण सिग्नल पोहोचणं आणि बोललेलं समजणं यात आता एलईडीचा गोंगाट उभा आहे. तो धरून मोजलं तर हा आकडा इतका भरगच्च राहील, असं वाटत नाही.

आता एक उलटी गोष्ट. जून 2020 मध्ये 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत वीज आणि मोबाइल नेटवर्क कोलमडलं. जुलै 2021 मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हाही तेच. अशा वेळी अ‍ॅप चालत नाही, डीटीएच चालत नाही. पण गावाची वीज गेली की एलईडी, चार्जर, इन्व्हर्टरही गप्प होतात. म्हणजे मीडियम वेव्हची खरखर सर्वांत कमी नेमकी तेव्हाच असते, जेव्हा तिची गरज सर्वांत जास्त असते. अट एवढीच की केंद्राचा जनरेटर चालू हवा आणि घरात सेलवर चालणारा रेडिओ हवा. मोबाइलमध्ये एएम नसतो. एफएम असतो, तोही अनेक फोनमध्ये बंद करून ठेवलेला असायचा. तो चालू ठेवा, असं सरकारला 2023 मध्ये कंपन्यांना सांगावं लागलं.

डिजिटलचं काय झालं?

मधला मार्ग म्हणून आकाशवाणीने डीआरएम हे डिजिटल तंत्रज्ञान आणलं. त्याच मीडियम वेव्हवर, कमी विजेत, जवळपास एफएमसारखा आवाज. सोबत मजकूर आणि धोक्याची सूचनाही पाठवता येते. देशभरात पस्तीसच्या आसपास ट्रान्समीटर यासाठी तयार झाले. भारतातल्या लाखो गाड्यांच्या डॅशबोर्डमध्ये हा रेडिओ आहे, अनेक मालकांना त्याचा पत्ताही नसेल. पण घरात वापरायचा डीआरएम संच साध्या ट्रान्झिस्टरच्या कित्येक पट महाग आहे आणि दुकानात सहज मिळत नाही. ट्रान्समीटर आधी आले, रेडिओ आलेच नाहीत. त्यात जुना आणि डिजिटल सिग्नल शेजारी-शेजारी चालवताना डिजिटलच्या वाट्याला थोडीच शक्ती येते. आणि डिजिटलचा एक स्वभाव आहे. खरखर येत नाही, पण सिग्नल थोडा कमी पडला की आवाज थेट गायब. घाटातल्या श्रोत्याला खरखरीतून निम्मं तरी ऐकू यायचं.

तोपर्यंत घरी करता येण्यासारखं थोडं आहे. रेडिओची वर ओढायची काडी एएमसाठी नसते. एएमची अँटेना म्हणजे आतली काळी फेराइटची कांडी. म्हणून काडी न हलवता अख्खा रेडिओ जागेवर हळूहळू फिरवून बघा, एका दिशेला आवाज उघडतो. सेलवर चालवा, खिडकीशी न्या. तरी घरघर असेल तर रेडिओ चालू ठेवून घरातला एकेक दिवा आणि चार्जर बंद करत जा. ज्याच्यासोबत घरघर थांबेल, तोच चोर.

जपाननेही एएम सोडायचं ठरवलंय, पण वेगळ्या रीतीने. 2021 मध्ये तिथल्या 47 पैकी 44 खासगी एएम केंद्रांनी 2028 पर्यंत एफएमकडे जाण्याचा इरादा जाहीर केला. त्याआधी त्यांनी तोच कार्यक्रम एफएमवर समांतर सुरू केला. मग फेब्रुवारी 2024 पासून 13 कंपन्यांनी काही भागांतलं एएम तात्पुरतं थांबवून पाहिलं, कुणाचं रेडिओ ऐकणं तुटतंय हे शोधण्यासाठी.